डांबराची अक्षरं

आमच्या फणसवाडीच्या चाळीचं आज कौतुक करताय, पण तिची पहिली डागडुजी कशी झाली माहितेय? संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. गॅलरीचे कठडे इतके कुजलेले की आया पोरांना दोरीने बांधून ठेवायच्या. मालक म्हणाले, "भिंतीवरचं ते 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' आधी पुसा, मग सुतार पाठवतो."

चाळीत कोणी ब्रशला हात लावेना. शेवटी आमचे पांडूमामा, पेशाने रंगारी, पुढे झाले आणि दोन हात चुना मारून मोकळे झाले. आईने सख्ख्या भावाचा चहा बंद केला!

मालकांनी शब्द पाळला. नवे कठडे लागले. पंधरा दिवसांनी काम बघायला आले, तर चुन्यातून तपकिरी अक्षरं वर आलेली. 'झालाच' तर अगदी ठसठशीत.

"पांडू, हे काय रे?"

"डांबर आहे, मालक. चुन्याखाली राहत नाही ते."

"तुला माहीत होतं?"

"मीच लिहिलेलं ना!"

मालक लालेलाल. "मग हे जाणार कधी?"

"महाराष्ट्र झाला की स्वतः खरवडून देतो."

आईने वरून हाक मारली, "दादा, चहा टाकलाय रे!"

पुढे महाराष्ट्र झाला. मामा दिल्या शब्दाला जागून पत्रा घेऊन भिंत खरवडायला उभे राहिले, तर मालकच धावत आले. "हात लावू नकोस! लोक याच्यावरूनच माझी चाळ ओळखतात."