लांब आवाजाचा खुलासा

...अन् त्याच्यात ईडलिंबू! नाई, तुम्हीच सांगा, तुमच्यापैकी कोनं आपल्या डोळ्यानं ईडलिंबू पाह्यलं? हात वर करा. कोनीच नाई ना? मी रंजीता, भद्रावतीची, बावीस वर्सं झाले मास्तरीन आहो, आता धानोऱ्याच्या पुढं जंगलातल्या शाळेत पहिलीले शिकवून राह्यली, मी नाई पाह्यलं, माह्या मायनं नाई पाह्यलं, अन् वरतून कार्डाचा डब्बा येते अन् त्याच्यात ई ईडलिंबूचा! पोट्टे विचारते, बाई, हे खाते का लावते? मी म्हनलं, परीक्षेत येते. आता सांगा, याच्यात माह्यं काय चुकलं?

डब्ब्यासंगं ट्रेनिंग. तिथली मॅडम म्हने (आवाज असा, साखरेत घोळलेला), "ऱ्हस्व आला की एक टाळी, दीर्घ आला की दोन टाळ्या, बघा मुलांची शब्दसंपत्ती कशी वाढते ते." वाढली ना! टाळ्या वाढल्या. खिचडी आली तं टाळ्या, कोनी शिंकलं तं टाळ्या, अन् शब्द तेवढेच. वरतून फोटो टाका ग्रुपवर. रेंज कुठी? पान्याच्या टाकीवर. मी पन्नाशीची बाई टाकीवर चढून फोटो पाठवून राह्यली, अन् खाली माही पहिली टाळ्या वाजवून राह्यली. गावाले वाटे बाईचा सत्कार चालू आहे.

अन् या साऱ्यात माह्या जिवाले घोर एकाच पोट्टीचा. नंदिनी. घरी गोंडी बोलते, जूनपासून शाळेत येते, एक दिवस खाडा नाई, पन तोंडातून एक अक्षर नाई. तिचा बाप चैतू मले म्हने, "बाई, शाळेत मुकीच रायते तं बसवून काय फायदा? तपासनीचे सायेब येऊन जाऊ द्या, तवाबी नाई बोलली तं बकऱ्यांमागं पाठवतो." त्याले दोष काय देऊ? मलेच रडू आलं. टाळ्यांनी पोट्टी बोलते काय हो?

मंग मार्च लागला, मोहाचे फुलं गळाले लागले. सारं गाव पहाटपासून जंगलात. एका रविवारी मीबी गेली पोट्ट्यांसंगं मोह वेचाले, म्हनलं पाहू तं खरं हे घरी बोलते कसे. अन् तुम्हाले सांगते, मी तोंडात बोट घातलं! अस्वल आसपास असलं का हे पोट्टे बोलते कसे? आखूड. कुजबुजून. अन् कोनी दूर गेलं का हाक कशी मारते? लांब! डोंगर ओलांडून जाईल अशी. अन् साऱ्यात लांब हाक कोनाची? नंदिनीची. म्हंजे मी दहा महिने ज्या ऱ्हस्व-दीर्घापायी घसा फोडून राह्यली ते या लेकरायले चालता येत नवतं तवापासून येते. मले माह्याच डिग्रीचा राग आला.

सोमवारी टाळ्या बंद. म्हनलं, आखूड आला का अस्वल जवळ आहे, लांब आला का माय दूर आहे. बस! इ इमारतीचा, सारे कुजबुजून राह्यले. ऊ ऊसाचा, सारे गळा ताणून राह्यले. पंधरा दिवसांत साठ शब्द! नंदिनीचे फक्त ओठ हलाले लागले, आवाज नाई. मी म्हनलं, हलू दे, तेबी लय झालं. याच्यात माह्यं काय चुकलं?

आले सायेब. सकाळची शाळा, आठ वाजले होते, पोट्ट्यांच्या साऱ्या माया मोह वेचाले जंगलात. सायबानं बरोबर नंदिनीलेच उभं केलं अन् कार्ड दाखवलं, ऊसाचं. मी देवाले नाई मानत, पन तवा मनात हात जोडले. पोट्टीनं कार्डाकडं पाह्यलं, माह्याकडं पाह्यलं, डोळे मिटले... अन् ऊऊऊऊऊस! कौलं हालले असन! सायबाच्या हातचा पेन पडला. अन् तिचं आयकून बाकीच्यांनीबी सुरू केलं.

मंग काय? चार मिनिटं. चार मिनिटांत बावीस बाया काठ्या घेऊन वर्गात! साऱ्या लेकरायची अशी हाक एकदम आली म्हंजे लेकरू संकटात. साऱ्यात पुढं नंदिनीची माय मनकर्णा, सायबासमोर काठी धरून विचारते, अस्वल कुठी आहे? सायेब टेबलावर. मी समजावता समजावता घामाघूम, पन मनकर्णा काही आयकेना, पोट्टीले पोटाशी धरून एकच म्हने, "बाई, शाळेतून हिचा आवाज पह्यल्यांदा आयकला." तिथीच तिनं सांगून टाकलं, बकऱ्या चैतू राखन, पोट्टी शाळेत येईन.

सायबानं काय लिवलं माहीत आहे? नंदिनी, अप्रगत. शेरा, विनाकारण ओरडते.

अन् मागच्या हप्त्यात मले कागद. शालेय वेळेत पालक विनापरवानगी वर्गात कसे आले, तीन दिवसांत लेखी खुलासा करावा. अरे, पालकसभेच्या चिठ्ठ्या पाठवून पाठवून मी थकली, वर्षभर एक माय फिरकली नाई, तवा नाई मागितला कोनी खुलासा! तीन दिवस मी कोरा कागद घेऊन बसली. लय काही लिवाचं होतं, लय तोंडावर आलं होतं. शेवटी एकच ओळ लिवली, अन् सही करून देऊन टाकला कागद. मुलगी बोलली, म्हणून आई आली.