दोन नावांची एक जाती

— छे, छे, किडा म्हणू नका, डॉक्टरसाहेब. किडा धान्यात पडतो. समुद्रतळाच्या चिखलात नळी करून राहतो तो कृमी, आणि त्याच्या अंगावर बिऱ्हाड थाटतो तो कोपेपॉड — कोळंबीचा दूरचा नातलग, बाजरीच्या दाण्याहून लहान. हे मी तुम्हांला शिकवावं म्हणजे कमालच! तुम्ही तर माझी जाती मोडीत काढायला आला आहात. बसा. ती खुर्ची नको, ती ह्यांची. स्टुलावर बसा. आणि तुमच्या लेखात ‘परजीवी’ लिहिलंत, तेही नको. नुकसान सिद्ध झाल्याशिवाय कुणाला परजीवी म्हणू नये, असं आमचे हे म्हणायचे — जन्मभर माझ्या हातचा चहा पिऊन. ‘सहवासी म्हण.’ म्हटलं, बरं, सहवासी.

तर तुमचं म्हणणं असं — बघा, किती शांतपणे ऐकते आहे मी — की ह्यांनी वर्णन केलेली जाती आणि तिच्यानंतर मी वर्णन केलेली जाती, या दोन नव्हेतच. त्यांची ती मादी, माझा तो नर. एकाच जोडप्याला आम्ही दोन घराणी बहाल केली. वा! तशी आमच्या शास्त्रात ही चूक नवी नाही. नर मादीच्या नखाएवढा, तोही कृमी धुताना बशीत सुटा पडलेला — हे तिचे यजमान, असं कुणाला वाटणार? ‘याची मादी अद्याप सापडलेली नाही’ असं मी तळटीपेत लिहिलंसुद्धा. हसू नका.

नावं कशी पडली म्हणता? लग्नाच्या वाढदिवसाला लोक बायकोला दागिना आणतात. ह्यांनी कृमीच्या कल्ल्यांत राहणाऱ्या कोपेपॉडला माझं नाव दिलं. वर विचारलं, आवडलं का? मग मीही परतफेड केली. समोर होता तो एवढासा जीव — जबडे नाहीत, आतडं नाही, जिथे चिकटला तिथे चिकटला. नाव सुचायला वेळ लागला नाही मला. निबंध छापून आला, ह्यांनी शेवटपर्यंत वाचला, म्हणाले, “वर्णन अचूक आहे हो.” चिडले असते तर काही गंमत तरी आली असती!

आणि आता नियम. पहिलं नाव राहतं, नंतरचं जातं. म्हणजे ह्यांनी दिलेलं माझं नाव राहणार, मी दिलेलं ह्यांचं पुसलं जाणार. अभिनंदन करता आहात? करा की. गेल्या वर्षी ते गेले. मूलबाळ नाही, कुठल्या दारावर पाटी नाही — त्यांच्या नावाचा जगात तो एक बिनजबड्याचा नर काय तो उरला होता. लेख थोडा लांबणीवर टाकता येईल का — नाही, आपलं विचारते आहे. राहू द्या. पुरावा दाखवा.

ही काच? ही तर ह्यांची मूळ काच — ज्या नमुन्यावरून त्यांनी जातीचं वर्णन केलं, तो हिच्यात. अक्षर त्यांचंच, कडेची लाखही त्यांचीच. द्या, मी लावते. माझ्या सूक्ष्मदर्शकाला परका हात चालत नाही. हं — मादी. अंड्यांच्या पिशव्या दोन्ही शाबूत. आणि मागच्या बाजूला — थांबा.

हा इथे आहे.

लाख अखंड आहे ना? आहे. म्हणजे हा नर पहिल्यापासून इथेच, तिला चिकटलेला. अहो, काचेखाली धुळीचा कण राहिला तरी हा माणूस सबंध दुपार घालवून ती पुन्हा बसवायचा. त्याला हा दिसला नसेल? पुढच्या निबंधासाठी राखून ठेवला असेल — आणि त्याआधी माझा निबंध आला. एक ओळ छापली असती तर माझी जाती तेव्हाच निकालात निघाली असती. एक ओळ! आणि मी — पाहुणे आले की जेवताना दरवेळी तोच विनोद, ‘ह्यांच्या नावाचा नर आहे, त्याला तोंडच नाही’ — आणि हे हसायचे. सगळ्यांच्या आधी हसायचे.

काय? नको, सहलेखक वगैरे काही नको. छापा तुम्ही. नियम तो नियम. ‘परजीवी’ तेवढं खोडा. उठा आता. — काच? काच राहू द्या तिथेच. दिवाही असू द्या. जाताना दार ओढून घ्या.