आधी कुणी दगावलं का?

—न्हाई म्हनलं ना अश्विनी, न्हाई लिही! ह्या घरात आधी एकबी लेकरू दगावलेलं न्हाई. आशाताई झाली म्हून माझ्याच ओसरीवर बसून माझीच चौकशी? व्हय, पुन्याच्या डाक्टरनं फारम धाडलाय, ठाव हाय. माझी नात, ज्ञानेश्वरी, आठ महिन्यांची — शीमधनं रक्त जातंय, आतड्याला आतनं सूज हाय म्हनतो — आन् इचारतो काय, तर नात्यात लगीन झालंय का! झालंय की. माझ्या भावाची पंकजा म्या माझ्या अंगदला केली. भाची सून करायची रीतच हाय आपल्यात, म्या काय जगायेगळं केलं?

खोट हाय ती पंकजात. ऊसतोडीला गेली, तिथं पाचटाच्या कोपीवर कसलंबी पानी पेली, तेच दुधात उतरलं. — काय? पान्यानं न्हाई व्हत असलं? जन्माचीच खोट, आई-बाप दोघांकडनं येती? म्हंजी माझ्या अंगदकडनं बी? जीभ आवर, पोरी! म्हनं गोळ्यांनी न्हाई भागलं तर हाडातला मगज बदलायचा. म्हनं घरात आधी कुनी असंच गेलं आसंल तर रक्तातली खोट लवकर सापडती. सापडू दे की. माझ्या घरात न्हाई गेलं!

म्या म्हनलं हुतं, पोटावर बिब्ब्याचे डाग देऊ, थांबंल. तर ही भवानी लेकरू हिसकून पळाली, तिसगावच्या फाट्यावरनं सरळ पुन्याच्या एसटीत बसली. माझ्यापुढं शानी! मला ठाव न्हाई का हे दुखनं? तिसऱ्या महिन्यात रक्त लागतं, मग तोंड येतं, मग बुडापाशी फोड फुटत्यात — एक बसला की दुसरा — आन् लेकरू रडायचं बी सोडून देतं...

काय बघती अशी? फोडाचं तू न्हाई बोललीस? मग पंकजानं सांगितलं आसंल. — व्हय, न्हाई बोलत ती माझ्याशी. महिना झाला.

श्रीमंत. माझा थोरला, अंगदच्या आधीचा. नऊ महिन्यांचा हुता. कोपीवरच गेला, फडाच्या बांधाला पुरला. पाच डाग दिले म्या, माझ्या हातानं, आन् त्यो रडला न्हाई तर मला वाटलं, उतार पडला. गावात सांगितलं, तापानं गेला. त्याचा बाप बी गेला, आता ठाव असनारी मी एकटीच. अंगदला सुदीक ठाव न्हाई, आन् म्या पंकजाला लेकरू खानारी म्हनलं.

लिही. — थांब, माझ्यापुढं नको. ऊठ. तिकडं रस्त्यावर जाऊन लिही.