गोधडीतली बॅटरी

गाड्या विकणाऱ्यांवर मी एवढा का चिडतो, ते ऐका. परवा शेणव्याला मावशीकडे गेलो, तर चुलीशेजारी गोधडीत काहीतरी गुंडाळलेलं आणि त्याची वायर प्लगला लावलेली. गोधडी काढली, तर तिच्या मुलाच्या, मंगेशच्या, इलेक्ट्रिक बाइकची बॅटरी! फुगलेली आणि चांगलीच तापलेली.

"मावशी, हे काय गं?"

"मंग्या पुण्याला नोकरीला जाताना बोलला, आये, बॅटरी उतरू देऊ नको, मी येतोच. मग रोज लावते. थंडीत गारठते, म्हणून पांघरूण."

"अगं, लिथियमची आहे ती! भरलेली असताना अशी कोंडून तापवली तर घर पेटेल. दुकानवाल्याने सांगितलं नाही?"

"नाय रे. त्यानं नारळ दिला नि फोटो काढला."

मी प्लग काढला, बॅटरी फावड्यावर घेऊन पेंढ्यापासून लांब, मोकळ्या शेतात ठेवली आणि दुकानवाल्याला फोनवर यथेच्छ झाडलं. मावशी दारात उभी राहून ऐकत होती.

"पुरे झालं. आता मंग्याला लाव फोन. सांग, गाडीचं काय खरं नाय. दिवाळीला नाय आला, पण गाडीसाठी येईल."