गल्लीभर प्लग काढा

हॅलो? … हॅलो, कोण? … ताई! अगं, आज जुन्या फोनवर कशी काय? … हो, मोबाइल मीच बंद करून ठेवलाय. नेट खातो ना तो. … नाही गं, कुणाला काही झालेलं नाही. आई ठणठणीत आहे. मीच खुर्चीला खिळलेय. समोर पडद्यावर एक निळी पट्टी आहे आणि ती काही पुढे सरकायचं नाव घेत नाही.

अडतीस टक्के. मघापासून अडतीस.

… अगं फिल्म! आपल्या शहराची, त्या फायबरवाल्या कंपनीला पाठवायची. … सांगितलं होतं की तुला. … बरं, परत सांगते. काचेच्या तारेतून इंटरनेट देणारी कंपनी आहे एक. भयंकर वेगाचं. आणि यंदा ती फक्त एकाच शहराला देणार आहे. साडेतीनशे शहरं रांगेत उभी आहेत. प्रत्येकाने एकेक फिल्म पाठवायची, आम्हालाच का द्या ते सांगायचं. … हो, स्वयंवरच समज. एक नवरी आणि साडेतीनशे नवरे.

… मग कोण करणार फिल्म? शहरात लग्नाचं शूटिंग करणारी मी एकटी. महापौरबाई स्वतः आल्या आपल्या स्टुडिओत. त्या मोडक्या स्टुलावर बसल्यासुद्धा.

… आज. आज पाच वाजता मुदत संपते. … आता चार वाजून वीस.

… ओरडू नकोस, कळतंय मला! सकाळीच तयार होती गं. पण बाईंना स्वतःची हनुवटी आवडेना. हनुवटीपायी तीनदा परत शूट केलं. दीडला लावली पाठवायला. चांगली चालली होती, गोगलगायीसारखी का होईना, पण चालली होती. आणि चारच्या ठोक्याला बाईंनी काय केलं असेल? … ओळख ना. … नाही. … पेन ड्राइव्हवर नेलेली प्रत पालिकेच्या साइटवर टाकली आणि सगळ्या शहराला निरोप धाडला! 'आपली फिल्म पालिकेच्या साइटवर लागली आहे, सर्वांनी आत्ताच्या आत्ता बघा!' झालं. अख्खं शहर एकदम बघायला बसलं.

… हो ना! वेगवान इंटरनेट द्या म्हणणारी फिल्म, आणि तीच अडकली इंटरनेटच्या घशात. हस तू. हस पोटभर. माझा इथे जीव टांगणीला लागलाय.

… पेन ड्राइव्ह घेऊन दुसऱ्या शहरात? नाही चालत. नियमच आहे, ज्याची फिल्म त्याच्याच तारेवरून यायला हवी. आमची तार किती रडकी आहे ते मोजायचंय त्यांना. … मीही अगदी हेच म्हटलं! हळू गेली तर उलट बरंच की. तर बाई म्हणाल्या, हळू चालेल, उशीर नाही चालणार.

… आई? आई बाहेर गेलीय. थांब, खिडकीतून दिसते का बघते. … वायर ताणली जातेय या फोनची … हां. दिसली. … अगं बाई! अगं ताई, ती मास्तरांच्या घरात शिरली!

… सांगते, सांगते. आपल्या गल्लीतली सगळी घरं कोपऱ्यावरच्या एकाच पेटीवर आहेत ना? मी तिला हातांनी सांगितलं, गल्लीत सगळ्यांनी अर्धा तास नेट बंद केलं तर माझी पट्टी हलेल. मला वाटलं, चिठ्ठीबिठ्ठी लिहून घेऊन जाईल. कसली चिठ्ठी! चपला घातल्या आणि निघाली. घरात शिरते, प्लग उपसते, बाहेर येते.

… नाही गं, विचारत नाही कुणाला. विचारून काय करणार, उत्तर थोडंच ऐकू येणार आहे तिला? एरवी तोंडाकडे बघून सगळं ओळखते. आज ती कुणाच्या तोंडाकडे बघतच नाहीये!

… मास्तर आले मागोमाग. एका हातात चष्मा, एका हातात सोंगटी. बुद्धिबळ खेळत असणार कुणाशी तरी ऑनलाइन. हातवारे करतायत. … आई पाठ फिरवून चालू लागली. आता दातांच्या डॉक्टरकडे. … अगं, पेशंट खुर्चीत असेल गं तिथे!

… थांब. थांब थांब थांब. एकोणचाळीस. … ताई, एकोणचाळीस! … चाळीस!

… हो, बसते. बसले. काय म्हणत होतीस?

… फिल्ममध्ये? आहे ना आई. चाळीसेक सेकंद आहे. बाईंना नको होती आधी. म्हणे लोकांना काय कळणार. मी म्हटलं, खाली अक्षरं टाकते, कळेल. मग आईला खिडकीपाशी उभी केली, ती निळी साडी नेसलेली. आणि म्हटलं, बोल तुला हवं ते.

… काय बोलली ना … ऐक. 'मला ऐकू येत नाही. मी हातांनी बोलते. माझी मोठी मुलगी दूर असते. ती फोन लावते तेव्हा पडद्यावर येते, आणि बोलता बोलता थिजते.' आणि मग तिने तुझी नक्कल केली, ताई. हुबेहूब. एक हात असा वर, तोंड अर्धवट उघडं, एक डोळा मिटलेला. तश्शीच उभी राहिली. हलेचना. शूटिंग बघायला आलेले पालिकेतले सगळे खो खो हसले. मीही हसले. ती तशीच. मग हळूहळू हसणं थांबलं एकेकाचं. तेव्हा कुठे तिने हात खाली घेतला आणि म्हणाली, 'तिचं वाक्य कुठे जातं, कुणाला माहीत आहे का?'

… ताई? … रडतेयस?

… नाही गं, दुःखी वगैरे नाहीये ती. तिला प्रश्न पडलाय, खरोखरचा. वाक्य जातं कुठे? मलाही पडलाय आता. कंपनीचा इंजिनिअर आला होता ना नमुना घेऊन, काचेचा तंतू, केसाहून बारीक. आईने त्याच्या एका टोकाला टॉर्च लावला आणि दुसरं टोक डोळ्यासमोर धरलं. ठिपक्याएवढा उजेड! बोटाला गुंडाळलं, तरी उजेड बाहेर! इंजिनिअरचा चहा थंड झाला पण ही काही सोडेना. 'कोपऱ्यावर उजेड वळतो कसा,' हे तिने मला चारदा विचारायला लावलं. मला अजून नीट कळलेलं नाही. तुला माहितीये?

… छप्पन्न! अगं, छप्पन्नवर गेली! दातांचा डॉक्टर गेला वाटतं.

… बरं, ते असू दे. आता मला सांग. तीन आठवडे झाले, तू आईला काहीतरी सांगायचा प्रयत्न करतेयस. दर वेळी हात वर नेतेस आणि थिजतेस. काय आहे? … मला सांग ना! मी आत्ता सांगते तिला, दोन मिनिटांचं काम. … का नको? … नोकरी बदललीस? … घर घेतलंस? … कुणी भेटलंय? … ताई, बाळबीळ? … बरं, चांगलं की वाईट, एवढं तरी! … चांगलं. हुश्श. मग सांगायला काय होतंय? मी उत्सुकतेने मरेन इथे!

… म्हणजे?

… नाही, बोल. ऐकतेय मी.

…

… हो.

… हो, आठवतं. तुझा दहावीचा निकाल. तू पायऱ्या चढत होतीस तोवर मी आत जाऊन हातांनी सांगूनही टाकलं होतं. मला काय कळत होतं तेव्हा? आठ वर्षांची होते मी. … हो, नंतरही. तुझे हात सावकाश, माझे भराभर. तू वाक्य सुरू करायचीस आणि मी संपवून मोकळी. … तू कधी बोलली नाहीस, ताई. मला वाटायचं, मी मदत करतेय.

… लागलं. लागणारच ना. थोडंसंच, पण लागलं. … नको, माफी कसली. तुझंच बरोबर आहे. तुझी बातमी, तुझेच हात. मी मध्ये नाक खुपसायचं नाही. कळलं.

… एकाहत्तर. हो, बघतेय पट्टीकडे. डोळ्यांत पाणी आहे म्हणून धूसर दिसतेय, पण एकाहत्तर आहे. वाजले किती? … चार एकेचाळीस.

… अय्या, बाहेर बघ! म्हणजे तुला कुठून दिसणार. आईच्या मागे वरात निघालीय. मास्तर, डॉक्टरांची नर्स, बेकरीवाला पिठाच्या हातांनी. आणि बेकरीवाला चक्क तिच्या पुढे पळतोय. पुढच्या घरांत ओरडून सांगतोय, 'स्वतःच काढा रे, नाहीतर म्हातारी येतेय!'

… चौऱ्याऐंशी … एकोणनव्वद … बघ कशी धावतेय! एवढी आयुष्यात कधी धावली नाही आपली लाइन.

… त्र्याण्णव. … त्र्याण्णव. … ए, चल ना गं बाई. … सत्त्याण्णव.

… गेली!

गेली, ताई, गेली! 'आपली फिल्म मिळाली, चार वाजून बावन्न मिनिटे.' अगं, आठ मिनिटं शिल्लक! … ते फायबर मिळेल की नाही ते देव जाणे, साडेतीनशे शहरं आहेत. पण पोचली. आई पोचली त्यांच्यापर्यंत.

… आली ती. दारात उभी आहे. घामाघूम. विचारतेय, झालं का. … झालं म्हणून सांगितलं. आता विचारतेय, फोनवर कोण. … ताई, म्हटलं. कशी हसतेय बघ!

… एक मिनिट. ताई, एक मिनिट. गल्लीतले सगळे प्लग अजून उपसलेलेच आहेत ना? म्हणजे आत्ता लाइनवर कुणीच नाही. एक घर सोड, एक माणूस नाही! … अगं, कळलं का तुला? व्हिडिओ लाव! आत्ताच्या आत्ता! … केस राहू देत तसेच! मास्तर दहा मिनिटांत परत सोंगट्या मांडतील.

… आईला बसवलं पडद्यासमोर. कॅमेरा चालू. बसलीय, हात पदराला पुसतेय. … नाही, मी नाही थांबत. मी बाहेर जाते. कोपऱ्यावर उभी राहते, पेटीपाशी. कुणी प्लग लावायला निघाला तर धरून ठेवते त्याला गप्पांत. … शप्पथ. खिडकीतूनसुद्धा बघणार नाही.

… काय? … आत्ता? मला आधी सांगतेस?

…

… नको. … अगं नको म्हणतेय ना! एक अक्षर बोलू नकोस. आधी आईला. … हो, मीच म्हणतेय हे, मीच. ठेव फोन. ती वाट बघतेय, ठेव.