शाळेच्या भिंतीपुढचा फोटो

न्हाय, म्याडम, चपला काढू नका — आत बोलावलेलं न्हाय म्या तुम्हाला. काय इचारायचं ते दारातच इचारा, आन् हळू. सकाळी पारापशी तुम्ही मोठ्यानं म्हणलात म्हणं, सत्यभामाबाईंचं घर कुठलं, ज्यांनी पोरीचं लगीन थांबवलं त्या? कुणी सांगितलं आमी थांबवलं म्हणून? पाहुण्यांनी मोडलं. आमच्या मालकानं मांडववाल्याला सांगून ठेवलं व्हतं, पत्रिका छापायला टाकायची ऱ्हायली व्हती, आन् परांड्याचे पाहुणे फोनवर न्हाय म्हणले. मालक भूमला बाजाराला गेलेत. ते यायच्या आत तुम्ही हितनं गेलेलं बरं.

व्हय, वाचली की भिंत. का न्हाय वाचणार — शाळेची आख्खी भिंत निळी करून वर ही येवढाली पांढरी अक्षरं, आपल्या गावात दहापैकी नऊ मुलींचं लग्न अठरा पूर्ण झाल्यावरच होतं. तुमच्याच लोकांनी रंगवली न्हवं? आन् आता तुम्ही पुण्यावरनं बघायला आलात, वाचून कोण सुधारलं ते. काय म्हणलात त्याला — वर्तनाचं अर्थशास्त्र. माणूस शेजाऱ्याकडं बघून वागतो. त्याला दटावू नका, दंड लावू नका, नुसतं सांगा की समदे असं करतेत, मग तोबी करतो. ह्याला कालेज लागतं व्हय? आन् तुमचं बरोबर निघालं तर सरकार जिल्ह्यातल्या समद्या भिंती रंगवणार. रंगवा. आमचे मालक रोज दुधाची किटली घिऊन त्याच भिंतीपुढनं जातेत, रोज वाचतेत — सुपारी फोडताना आडवी आली का भिंत? पोरगी माझी, शिवांजली, अकरावीत, सतरा अजून पुरी न्हाय, रडून रडून डोळे सुजले तिचे. म्या भिंतीचं नाव काढलं तर मालक म्हणले, त्या नऊ जणींना स्थळ आलं नसंल.

मग पाहुण्यांनी का मोडलं? फोटोपायी मोडलं. सुपारी फोडली, नारायणरावांना — म्हंजी मुलाच्या बापाला — फेटा बांधला, शाल घातली, मग फोटो नको? माझा दीर लई हौशी. त्यानं काढला आन् लगेच स्टेटसला टाकला. आन् फोटोत मागं तुमची भिंत. नारायणराव मिशीला पीळ देऊन मधोमध, आन् डोक्यावर ते समदं वाक्य, कुणीबी वाचावं असं. सांजच्यापर्यंत परांड्यात हसू झालं — दहातली ती उरलेली एक ह्यांनीच शोधून काढली म्हणं. नारायणरावांना निवडणुकीला उभं ऱ्हायचंय, त्यांना कसं सोसंल? आता शाळेपुढं खुर्च्या कुणी मांडल्या, मला काय ठाऊक. आमचं अंगण बारकं, उन्हाची येळ, तिथं सावली असती.

आन् तुम्ही लिवणार की भिंतीनं केलं. काय केलं हो भिंतीनं? नुसती हुबी व्हती, तिनं एक कुत्रं हाकललं न्हाय. माझ्या लग्नाच्या येळी कुणी भिंत रंगवली न्हवती, म्याडम. रंगवली असती तरी सोळा वर्साच्या पोरीला कुणी इचारलं असतं? अक्षरं लिवून भागत न्हाय. ती लोकांच्या डोळ्यापुढं धरावी लागतेत. हितं तर नारायणरावांचा फेटा येवढा उंच — भिंतीवरचं अठरा नेमकं त्याच्या मागं जात व्हतं, म्हणून म्या म्हणलं, दादा, ऊन येतंय तुमच्यावर, खुर्ची जरा इकडं—

काय बघताय अशा?

त्या मोबाईलवर काय चालू हाय? बंद करा. बंद करा म्हणते न्हवं. आन् काढून टाका ते समदं, माझ्यादेखत. मालक अजून स्थळं बघायलेत. हे त्यांच्या कानावर गेलं तर पोरीचं कालेज उद्या बंद, आन् मिळंल त्याच्या गळ्यात बांधतील तिला. माझं काय व्हईल ते सांगाय नको. तुमच्या अभ्यासात हाय का कुठं हे? नसू द्या. आता ते कागद काढा आन् म्या सांगते ते लिवा. भिंत वाचून पाहुण्यांचं मन बदललं. भिंतीनं केलं. तुम्हाला तेच पायजे, मलाबी तेच पायजे.

भिंतीला कुणी हाणत न्हाय.

झालं लिवून? मग निघा. पाराकडनं नका जाऊ, ह्या मागच्या बोळानं जा, आन् परत माझ्या दारात येऊ नका. शिवांजली, कडी लाव गं.