सुटला म्हणे!

...आणि चहाचा कप खाली ठेवला की जो तो तेच म्हणतो, "सुटला बिचारा!" अहो, सुटला काय? सुटायला तो काय तुरुंगात होता? तुम्हाला सांगतो, माझ्या दादाला सुटायचं नव्हतंच, त्याला दुकानात जायचं होतं! आमचं किल्ल्या बनवायचं दुकान. तो कुलपं उघडणार, मी त्याची बोलणी खाणार, अशी भागीदारी!

पळणं म्हणजे काय, ते मला विचारा. तीन महिने हॉस्पिटलात पडून कंटाळलेला माणूस एका दुपारी म्हणतो, "छोट्या, शर्ट काढ."

"का रे?"

"तू झोप माझ्या जागी. एक किल्ली कापून येतो."

झालं! मी कधी विचार केलाय? पाच मिनिटांत तो माझ्या शर्टात जिन्यावरून खाली पसार, मी त्याच्या झग्यात, चादर नाकापर्यंत! तेवढ्यात नवीन सिस्टर. "हात द्या." दिला! बोललो असतो तर तो सापडला असता ना! रक्त काढलं, बाटलीवर दादाचं नाव चिकटवलं, गेली.

दादा परत आला तो धापा टाकत, बोटांना पितळेचा भुगा, आणि हसत होता... तीन महिन्यांत तसा हसला नव्हता. सुटला म्हणे!

संध्याकाळी डॉक्टर कागद नाचवत आले, "कमाल आहे! सगळं नॉर्मल!" आईने त्यांचे हातच धरले. मी दादाच्या कानात, "सांगू का?" तर म्हणतो, "आज नको. आज तिला पोटभर जेवू दे." जेवली हो... दुसऱ्या दिवशी पुन्हा रक्त घेतलं. ते त्याचं होतं.

त्याला जाऊन आज नऊ दिवस झाले. तो कागद आई येईल त्याच्या हातात देते, "बघा, बरा झाला होता हो माझा!" रोज ठरवतो, आज सांगायचंच. समोर बसतो, तोंड उघडतो, आणि विचारतो, "आई, पाणी देऊ?" आणि वर हे लोक, सुटला म्हणे!

काल मावशीने चष्मा लावून, एकेक ओळीवर बोट फिरवत सगळा कागद वाचला. डोळे पुसत म्हणाली, "किती छान रक्त होतं गं पोराचं!"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "थँक्यू, मावशी."